लुआनची हाडं धुताना

थोमने दारूत भिजवलेलं फडकं पिळलं आणि पायाच्या नळीवरची उरलीसुरली माती पुसायला घेतली. नुकतंच उजाडलं होतं. हाडांवर ऊन पडू नये म्हणून वर ताडपत्री ताणली होती. समोर दिएप, लुआनची बायको, चक्रीफूल घालून उकळलेल्या पाण्यात एकेक हाड धुऊन तिच्याकडे देत होती.

चिनी फौजा खिंडीतून उतरल्या त्या फेब्रुवारीत लुआन टेकडीवर लढताना पडला. लढाई महिन्याभरात आटोपली, पण त्याला तिथेच घाईघाईने पुरलं होतं. पाण्याच्या बाटलीवर कोरलेल्या नावावरून जागा सापडली. आता काही वर्षांनी, रीतीप्रमाणे हाडं उकरून, धुऊन, मातीच्या पेटीत निजवून घरच्या शेतात न्यायची. दिएपने मदतीला शेजारच्या थोमला बोलावलं.

थोम आली खरी, पण जळफळतच. लग्नाआधी दोन वर्षं लुआन तिचा होता. मग त्याच्या आईबापांनी दिएप ठरवली आणि हा पठ्ठ्या मान डोलावून मोकळा. नवरा दिएपला मिळाला, आणि तो गेल्यावर चारचौघांत रडायचा मानही तिलाच. थोम रडली ती डुकरांच्या खोपटात, तोंडात बाही कोंबून.

दिएपने गळ्याखालचं हाड हातावर ठेवलं आणि थोम थबकली. चक्रीफुलं काढताना लुआन झाडावरून पडला होता तो तिच्याच पुढ्यात. त्याचं गळ्याखालचं डावं हाड तेव्हा मोडलं, वेडंवाकडं जुळलं, गाठ राहिली. त्या गाठीवरून तिने कितीदा बोट फिरवलं होतं. हातातलं हे डावं हाड सरळ होतं, गुळगुळीत. उजवंही तसंच.

हा लुआन नव्हताच. खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. घे, मिरव आता. एक शब्द पुरे होता. मग गाठ हिला कशी ठाऊक म्हणून गावात आपली अब्रू गेली तरी बेहत्तर.

"दिएप, हे हाड बघ जरा."

दिएपने मान वर केली नाही.

"बघितलंय मी."

"मग?"

"बाहेर सासूबाई बसल्यात. उदबत्ती लावायला लेकाचं थडगं हवंय त्यांना. हाही कुणाचा तरी लेक असेलच की."

"तुला गाठ ठाऊक होती?"

"नवरा होता माझा, थोमताई. ह्यांनी सगळं सांगितलं होतं. झाड कुठलं, खाली कोण उभं होतं, सगळं."

थोमजवळ त्याची एवढी एकच गोष्ट होती. तीही दिएपकडे पहिल्यापासून होती.

दिएपने कमरेची, घरच्यांनीच बांधायची सुतकाची पांढरी पट्टी सोडली, दातांनी मधोमध फाडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

"पेटी उचलली की माझ्याशेजारी चाल. रडायचं तेवढं रड. कुणी विचारलं तर मी बघते."

मोठेपणासुद्धा हिच्याच वाट्याला, असं थोमच्या मनात आलं. तिने पट्टी घेतली, कपाळाला बांधली, ते परक्याचं हाड पेटीत डाव्या अंगाला ठेवलं, आणि हाडांवर आसू पडू नये म्हणून तोंड फिरवलं.