समुद्राची दोन पाखरं

“बाई, तहानलेल्याले मीठ देत नाईत,” असं जानराव मला म्हणाला होता. आमच्या मळ्यात मोट हाकणारा हा म्हातारा मूळचा अकोल्याकडच्या खारपट्ट्यातला. तिकडचं विहिरीचं पाणी जितकं प्यावं तितकी तहान वाढते, हेही त्यानं सांगितलं. मी हसले. नागपूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली मी, मोटकऱ्याचं काय ऐकणार?

आश्विनात मुंबईकडे वादळ झाल्याचं पेपरात आलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी वडाळीच्या तळ्याजवळच्या आमच्या मळ्यात, वांग्याच्या वाफ्यात दोन पांढरी पाखरं पडलेली सापडली. लाल चोच, बदकासारखे पाय, उडायची ताकद नाही. सासूबाई म्हणाल्या बगळे. शेजारचे नत्थुजी म्हणाले, साहेबाच्या बंगल्यावरची कबुतरं असतील, म्हणून तर आपल्या ज्वारीला तोंड लावत नाहीत. मी कॉलेजातल्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं. ही समुद्राची पाखरं, मी सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. समुद्र आमच्या घरात कोणीच पाहिलेला नव्हता. मीसुद्धा नाही.

जानरावानं तळ्यातले बारीक मासे आणले, गोठ्यामागे पाखरांनी ते खाल्ले. पाण्याचं मात्र मी ठरवलं. समुद्राच्या पाखराला समुद्राचंच पाणी हवं. परातीत मूठभर खडेमीठ विरघळवलं.

तेव्हा माझी नणंद सुभद्रा माहेरी आलेली होती. भाद्रपदात तिचं चार महिन्यांचं बाळ गेलं. तेव्हापासून ती बोलत नव्हती, ताट तसंच ठेवून उठायची. पाखरं आली तशी गोठ्यामागे जाऊन बसू लागली. एक दिवस आपणहून म्हणाली, “वैनी, हे आपल्या घरी कसे जातीन?” त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली. तिला अकोल्याला परत न्यायला तिचे यजमान शेषराव आले, तेव्हा एक पाखरू टोपलीत घालून तिच्यासोबत दिलं.

निघताना तिनं विचारलं, “हे मरणार नाई ना?”

“मी सांगन तसं केलं तं नाई मरत,” मी म्हणाले. रोज मूठभर मीठ, एक दिवसही चुकवू नको. तिनं आपली मूठ वळून मला दाखवली, एवढी ना, म्हणून.

आमच्याकडचं पाखरू पाणी प्यायचं, मान झटकायचं, पुन्हा प्यायचं. माझी शकुन म्हणाली, आई, त्याची तहान जातच नाही. मी परात पुन्हा भरली, मिठासकट. सहाव्या सकाळी त्याची मान परातीच्या काठावर पडलेली होती. जानरावानं संत्र्याच्या झाडाखाली खड्डा केला. एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी शकुनला ताप भरला आणि अंगावर गोवर उठला. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. माता आलेल्या घरातलं माणूस दुसऱ्याचा उंबरा चढत नाही, आणि जिथं नुकतं लेकरू गेलं तिथं तर नाहीच. पूर्वी मी यावर वाद घातला असता. आता मालकांना ‘तुम्ही तरी जाऊन या’ असंही म्हणवत नाही.

मीठ बंद कर, अशी दोन कार्डं टाकली. सुभद्रेला वाचता येत नाही. शेषराव खामगावला कापसाच्या जिनात कामाला, दिवाळीपर्यंत येणार नाहीत. तिची सासू ठार बहिरी. पोस्टमननं वाचून दाखवलं की दारात टाकून गेला, कळायला मार्ग नाही. तार करावी, तर त्या घरात तार एकदाच आली होती, मरणाची. लिफाफा पाहूनच ती खाली बसेल.

आणि तिकडची विहीर तर आधीच खारी. हे मला परवा आठवलं, शकुनच्या कपाळावर ओला फडका ठेवताना.

म्हणून तुम्हाला विचारते. अकोल्याला जाणार असाल तर जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अलीकडे शेषराव जिनवाल्यांचं घर विचारा. दारात पांढरा चाफा आहे. कडी वाजवून सासूला ऐकू जाणार नाही, सुभद्रेला हाक मारा. पाखरू असेल तर परात ओता आणि कुठूनतरी घागरभर गोडं पाणी आणून द्या. नसेल तर परातीचं नावही काढू नका. चूक वैनीची होती, तुझ्या मुठीची नाही, एवढं सांगा. आणि तिनं आज काही खाल्लं का, ते पाहून मला कळवा.