घर विकून गेलेली माणसं

वकिलाच्या काळ्या कोटाची बाही तोकडी करता करता ताईला कळलं, की एखाद्यावरचं वॉरंट अजून आहे की नाही हे कोर्टात जाऊन सरळ विचारता येतं. कोट वकिलाचा होता, पण घेऊन आला होता त्याचा कारकून, आणि त्या कारकुनाला बोलायची भारी हौस.

"अहो, त्यात घाबरायचं काय?" तो म्हणाला. "खिडकीवर जायचं, माणसाचं नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, अंदाजे साल सांगायचं. विचारणाऱ्याला कुणी आत टाकत नाही."

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही. तेच बरं झालं. बोलायला गेली असती तर तिथेच रडली असती.

इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कशी कळली नाही, असं कुणीही विचारेल. त्यासाठी त्या घरातली माणसं माहीत हवीत. ताईचा धाकटा भाऊ बेकरीची गाडी चालवायचा. एका संध्याकाळी वळणावर त्याच्या गाडीची एका सायकलवाल्याला धडक बसली आणि सायकलवाल्याचा पाय मोडला. पाय पुढे बरा झाला. पण धाकट्याने इतकी हाय खाल्ली की तो कोर्टाच्या तारखेला गेलाच नाही. पुढच्या तारखेलाही गेला नाही. मग त्याच्या नावाचं वॉरंट निघालं आणि धाकटा कुणाला न सांगता घरातून गेला. जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. फोन बंद, निरोप नाही, काही नाही.

पोलीस दोनदा येऊन गेले. ते तिसऱ्यांदा यायच्या आत बाबांनी कंबर कसली. दारावरची पाटी काढली, दाराला दुसरा रंग दिला आणि अख्ख्या गल्लीला एक वाक्य पढवलं: 'ते घर विकून गेले, कुठे गेले माहीत नाही.' बाबा म्हणजे बसच्या डेपोत आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेला नाकासमोर चालणारा माणूस. पण या कामात त्यांनी भल्याभल्या दिग्दर्शकांना मागे टाकलं असतं. संध्याकाळी गल्लीत फिरून ते एकेकाची तालीम घ्यायचे. कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले काका तर इतके तयार झाले, की ताईची सख्खी मावशी आली तेव्हा तिलाही त्यांनी पिशव्यांसकट परतवून लावलं. मावशीने तो राग अजून सोडलेला नाही.

आणि कोर्टात चौकशी? नावच काढायचं नाही. "आपण विचारायला गेलो की त्यांना आठवण होणार," बाबा म्हणायचे. "फाईल कुठेतरी खाली दबली असेल. दबलेलीच बरी." त्यांच्या मते न विचारल्यामुळेच धाकटा सुरक्षित होता. ताईनेही मान डोलावली होती. दुसऱ्याला कशाला बोल लावायचा?

पण तिला तो हवा होता. काम करताना हवा होता, जेवताना हवा होता. त्याच्या चणीचं कुणी शर्टाचं माप द्यायला आलं की तिचा हात टेपवर रेंगाळायचा. आता धाकट्याचे खांदे भरले असतील का, की होता तसाच काटकुळा राहिला असेल? बाबांचे शर्ट ती पूर्वीपासून दोन खिशांचे शिवायची, एक चष्म्याला, एक गोळ्यांना. दोन्ही खिशांवर लाल दोऱ्याची टीप, कारण त्याशिवाय बाबांना खिसा चटकन सापडत नसे. धाकटा त्यावरून बाबांना छळायचा. "दोन-दोन खिसे, आणि पैसा एकातही नाही!" बाबा खोटं खोटं रागवायचे. नवा शर्ट शिवला की ताईला ते वाक्य ऐकू यायचं आणि मशीन थांबायचं.

तर कारकुनाने कोट नेला आणि दुसऱ्या दिवशी ताई दुकानाला कुलूप लावून निघाली. बाबांना सांगितलं, अस्तराचं कापड आणायला जाते.

आधी ती गेली पोलीस ठाण्यात, म्हणजे चुकीच्याच दारात. टेबलामागच्या हवालदाराने चहा संपवला आणि मग तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे अटक झालेल्यांची नोंद असते, बाई. वॉरंट काढतं कोर्ट आणि रद्द करतं तेही कोर्टच. चौकशी तिकडे करा. पण आलाच आहात तर नाव सांगा, अटकेत बघतो." त्याने पाहिलं. "नाही. आमच्या ठाण्यात या नावाने अटक नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला वाईटही वाटलं. अटक झाली असती तर निदान तो कुठे आहे ते तरी कळलं असतं. आपल्याच भावाला बेड्या पडाव्यात अशी इच्छा मनात आली म्हणून तिने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि कोर्टाचा रस्ता धरला.

कोर्टात जुन्या नोंदींची खिडकी तळमजल्यावर होती. आतल्या बाईंना बोलायला वेळ नव्हता, पण काम चोख होतं. नाव, बापाचं नाव, साल, कसला गुन्हा, कुठल्या भागातला, असं सगळं विचारून त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं.

"या नावाचे चौघे आहेत. एक साखळीचोर."

"आमचा नाही."

"एक जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेला."

"छे हो! त्याला पत्तेसुद्धा पिसता यायचे नाहीत."

"एकाने शेजाऱ्याच्या कोंबड्या पळवल्यात."

ताईला हसू आलं. कोंबडी समोर आली की धाकटा रस्ता बदलायचा. किती दिवसांनी त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलत होती ती! त्या नावाची अजून दहा माणसं निघावीत असं तिला वाटलं.

"मग हा. बेकरीची गाडी, सायकलस्वार जखमी."

"हाच," ताई म्हणाली. तिने खिडकीची कड घट्ट धरली. "वॉरंट आहे का अजून?"

बाईंनी चष्मा वर केला. "कधीच रद्द झालंय. तीन वर्षं होऊन गेली. आरोपी स्वतः हजर राहिला, गुन्हा कबूल केला, दंड भरला. प्रकरण निकाली."

"स्वतः? म्हणजे इथे आला होता?"

"याच इमारतीत. वर, दुसऱ्या मजल्यावर."

इथून घर म्हणजे बसचे मोजून चार थांबे. "वकील कोण होता त्याचा? त्यांच्याकडे फोन नंबर असेल."

"वकील नव्हता. एकटाच आला होता."

"मग पत्ता? काहीतरी पत्ता दिला असेल ना त्याने?"

"दिलाय की." बाईंनी गल्लीचं नाव वाचलं, घराचा क्रमांक वाचला, मजला वाचला.

"हा तर आमचाच पत्ता आहे," ताई म्हणाली.

"मग घरीच असेल," बाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाला पुढे या म्हणून खूण केली.

बसमध्ये ताईने मनाशी सगळं लावून पाहिलं. दंड भरून मोकळा झालेला माणूस, घरचा पत्ता देऊन बाहेर पडलेला, कुठे जाईल? घरीच येईल. आणि गल्लीत शिरला की कोपऱ्यावर पहिलं दुकान कुणाचं?

लाँड्रीवाले काका पॅन्टची घडी बसवत होते. आमची चौकशी करायला कुणी आलं होतं का, असं ताईने विचारल्यावर त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली आणि मान ताठ केली. "आला होता ना! दोन-तीन वर्षं झाली असतील. दाढीवाला होता, हातात पिशवी. दारावर पाटी दिसेना म्हणून इथे येऊन विचारायला लागला, ते वरचे लोक इथेच असतात ना? मी म्हटलं, साध्या वेशातला पोलीस दिसतोय. सुनावलं पढवल्याप्रमाणे. घर विकून गेले, कुठे गेले माहीत नाही. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

"मग?"

"मग काही नाही. नुसता उभा राहिला. पाणी मागितलं, मी दिलं. पाणी पिता पिता म्हणाला, म्हातारे बरे होते का जाताना? मी म्हटलं, मला काय ठाऊक." काकांनी इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "तेव्हा माझ्यासमोर तुझ्या बाबांचा शर्ट होता. तो त्याने हातात घेतला. खिशावर बोट फिरवलं, लाल टिपेवरून. मग नीट घडी घालून परत ठेवला आणि गेला. मला नवल वाटलं, पोलिसाला इतकी छान घडी कशी येते?"

घडी घालायला त्याला ताईनेच शिकवलं होतं. म्हणजे त्याला कळलं होतं. माणसं इथेच आहेत, वर खोलीत आहेत, आणि आपलं तोंड बघायचं नाही म्हणून गल्लीकडून खोटं वदवतायत, असं समजून तो गेला होता. तीन वर्षं तो तेच समजून कुठेतरी जगत होता.

"कोण होता गं तो?" काकांनी विचारलं. मग तिचं तोंड पाहून त्यांना काय समजायचं ते समजलं. ताईला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार कशावरून? वाक्य तर तिच्याच घरचं होतं.

बाबांना तिने वर जाऊन सगळं सांगितलं. शर्टाचं तेवढं सांगितलं नाही. बाबा उठले, माळ्यावरची पाटी खाली काढली, फडक्याने पुसली आणि स्क्रू पिळून दारावर लावली. तिच्यावर तिघांची नावं होती, शेवटचं धाकट्याचं. मग चपला घालून ते गल्लीत उतरले, पूर्वी उतरायचे तसे. दारोदार जाऊन नवं वाक्य सांगायला लागले: 'ते इथेच राहतात, वरच्या मजल्यावर, वाट बघतायत.' ताई त्यांच्या मागे मागे चालत होती.

शेवटी दोघं काकांच्या दुकानापाशी आले. काकांनी वाक्य मुकाट्याने म्हणून दाखवलं.

"आणि तो दिसला की हाताला धरून वर आणायचं," बाबा म्हणाले. "सोडायचं नाही."

"नाही सोडत. पण मालक, मला आधी ओळखता आला नाही, पुन्हा चुकायला नको. आता कसा दिसतो तो? तेवढं सांगून ठेवा."

बाबांनी ताईकडे पाहिलं.

"आम्ही काय सांगणार, काका?" ताई म्हणाली. "त्याला शेवटचं तुम्ही पाहिलंय. तुम्हीच आम्हाला सांगा."

काकांनी बाबांच्या शर्टाच्या खिशांकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि शर्टाची गोष्ट गिळून टाकली. "खांदे चांगले भरलेत," ते म्हणाले. "दाढी आहे, पण नीट कापलेली. आणि पाणी पिताना पेला दोन्ही हातांनी धरतो."

"लहानपणापासून," बाबा म्हणाले. त्यांनी दुकानातलं स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसले. "सावकाश सांगा. पहिल्यापासून सांगा."