मागचं फाटक

शाळा सुटायला अजून अवकाश होता, पण ड्रायव्हरचा जीव थाऱ्यावर नव्हता. एरवी मालकांच्या मुलाला न्यायला तो एकटाच यायचा. आज मॅडमही आल्या होत्या, मागच्या सीटवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. आणि याच शाळेत, मालकांच्या मुलाच्याच वर्गात, त्याची लेक शिकत होती. गरीब मुलांसाठीच्या सरकारी सोडतीत तिला फुकटची जागा लागली होती. मॅडमना याचा पत्ता नव्हता.

सांगणार तरी कोणत्या तोंडाने? "एवढी फी भरायची आपण," मॅडम आत्ताही फोनवर म्हणत होत्या, "आणि पोराशेजारी बसणार कोण, तर कुणाचीही पोरं." भिंतींनाही कान असतात म्हणतात; ड्रायव्हरला असतात, हे मात्र गाडीत बसणाऱ्या कुणाच्याच ध्यानात येत नाही.

बायको त्याच्यावर चिडायची. "चोरी केलीय का आपण? नंबर लागलाय पोरीचा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणायचा. "नोकरी गेली तर तिचे बूट, वह्या कुठून आणायच्या?"

लेकीला त्याने पढवूनच ठेवलं होतं: गाडी दिसली की मागच्या फाटकाने जायचं, ओळख दाखवायची नाही, आणि वेळ आलीच तर काका म्हणायचं. ड्रायव्हरला सगळीच मुलं काका म्हणतात. पोर गुणाची, एकदाही चुकली नाही. या शहाण्याला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

घंटा झाली. लेक पायऱ्यांवर आली, गाडी पाहिली आणि ठरल्याप्रमाणे उलटी वळून पळाली. समोरून मुलांचा लोंढा येत होता. ती त्यात धडकून पडली आणि पायरीच्या कडेवर तिची हनुवटी आपटली.

दार उघडं टाकून तो धावला. "अहो, कुठे निघालात?" म्हणत मॅडमही उतरल्या. तोवर तो पोरीला उचलून नर्सच्या खोलीत पोचला होता. शर्ट रक्ताने भरला होता.

"टाके घालावे लागणार," नर्स म्हणाली. "तुम्ही कोण हिचे?"

त्याने तोंड उघडलं, पण मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. पोरीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि रडू आवरत म्हणाली, "ड्रायव्हर काका आहेत."

"मग बाहेर थांबा. मी हिच्या घरी फोन करते."

तो निमूट बाहेर आला. बाहेर थांबायची पायांना सवयच होती.

"चांगलं केलंत हो," मॅडम मनापासून म्हणाल्या. "कुणाची बिचारी, कोण जाणे. येतील आता तिची माणसं. चला, आपलं पोरगं गाडीपाशी ताटकळलं असेल."

बंद दारामागे पोरीने आवरलेलं रडू आता मोकळं सोडलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतकी, की मॅडमसोबत दोन पावलं टाकून तो थांबला.

खिशातला फोन वाजू लागला. वाजतच राहिला.

"घ्या की," मॅडम म्हणाल्या.

त्याने फोन कानाला लावला. नर्सचा आवाज फोनमधूनही येत होता आणि दारामागूनही. मॅडमकडे बघतच तो म्हणाला, "हो, मीच तिचा बाप. दारातच उभा आहे."