बैल जुंपलेली गोल्फगाडी

भालचंद्ररावांच्या पंचाहत्तरीची शांत झाली, त्याच दिवशी ते स्वतःच्या घराच्या पायरीवरून पडले. पाहुणे जेवून उठले होते, हातात पेढ्यांचं ताट होतं आणि शेवटची पायरी अजून उरलीय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पेढे अंगणभर झाले आणि उजवा गुडघा मुरगळला तो मुरगळलाच. जालन्याच्या डॉक्टरांनी पट्टा बांधून सांगितलं, उभं राहा, घरातल्या घरात चार पावलं टाका, पण होळीपर्यंत रानात चालायचं नाव काढू नका.

हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते हसनाबादला परतले, तेव्हा गावाबाहेरच्या आपल्या मुरमाड रानात, जिथं तूरही धड येत नव्हती, त्यांनी गोल्फचं मैदान केलं होतं. नोकरीत नाशिकला असताना हा नाद लागला होता. मैदानात नऊ खड्डे, प्रत्येकात डालड्याचा जुना डबा पुरलेला. हिरवळ कुठून आणायची, म्हणून डब्याभोवती खळ्यासारखी जमीन चोपून शेणसडा घातलेला. शेजारच्या रानाचे मालक काकासाहेब पहिल्या दिवशी बघायला आले आणि हसत परत गेले. दुसऱ्या दिवशी बाभळीचा दांडका घेऊन खेळायलाच आले. लहानपणी विटीदांडूत त्यांच्या नादाला कोणी लागत नसे. तेव्हापासून दरवर्षी तुळशीचं लग्न लागलं की येणाऱ्या रविवारी दोघांचा सामना व्हायचा आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा.

भालचंद्ररावांची एकुलती एक लेक निवेदिता पुण्याला नोकरीत. आई गेल्यापासून बाप एकटाच राहतो, याचा तिला घोर होताच. पडल्याचं कळल्यापासून तिचा एकच प्रश्न होता: पुन्हा पडलात तर इथं कोण धावून येईल? बरीच वादावादी झाली. शेवटी तिनं सांगून टाकलं की यंदाचा सामना न चालता, नवव्या डब्यापर्यंत पुरा करून दाखवा, मग मी पुण्याचा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर निघायचं. जमणार नाही याची तिला इतकी खात्री होती, की सामन्याच्या सकाळी तिनं त्यांची बॅग भरून आपल्या गाडीत ठेवूनही दिली.

भालचंद्ररावांनी मात्र तोड काढली होती. भोकरदनला राधेश्यामचं लग्नाचं लॉन होतं. नवरदेवाला फाटकापासून स्टेजपर्यंत मिरवत आणायला त्यानं बॅटरीवर चालणारी गोल्फगाडी ठेवली होती. ती त्यांनी एका दिवसासाठी भाड्यानं मागवली. टेम्पोतून उतरली तेव्हा टपाला झेंडूच्या माळा तशाच होत्या आणि मागं ‘शुभविवाह’ची पाटी. राधेश्यामनं बजावून सांगितलं, रात्रभर चार्ज केली आहे, सामन्याला बराबर पुरेल, पण रानात दिवसा लाईट नसते, तेव्हा उगीच फिरवू नका.

पण गल्लीत गाडी यावी आणि तिला हळदकुंकू लागू नये, असं कुठं होतं का? काकासाहेबांच्या घरच्या तुळजाबाई ताट घेऊन आल्या. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला. मग गाडीला मारुतीचं दर्शन घडवायला हवं. तुळजाबाई मागं बसल्या, निवेदितानं चालवायला घेतली. तुळजाबाईंना नेलं म्हटल्यावर शेजारच्या केशरबाईंना सोडून कसं चालेल? केशरबाई बसून आल्या, तर त्यांच्या जावांनी काय घोडं मारलं होतं? ज्यांच्या मांडीवर लहानाची मोठी झाली, त्या बायांना निवेदिताला नाही म्हणवेना. एकेकीला मारुतीपर्यंत चक्कर झाली. भालचंद्रराव ओट्यावर बसून कौतुकानं बघत राहिले. सगळी हयात पंप आणि मोटारींत गेलेला माणूस, पण बॅटरीच्या काट्याकडे बघायचं त्यांनाही सुचलं नाही.

सामना रंगला. भालचंद्रराव गाडीतून चेंडूपाशी जायचे, उतरून फटका मारायचे आणि पुन्हा बसायचे. काकासाहेब पायी. बाया बांधावर बसून बघत होत्या.

“काय इंजिनेर, वऱ्हाड घेऊन कुठं निघाले?” काकासाहेब म्हणाले. “नवरी कुठंय?”

“नवरी राहू द्या, तुम्ही फेटा शोधून ठेवा.”

सातव्या डब्याला दोघे बरोबरीत होते. आठव्याच्या चढावर गाडी रांगू लागली, कण्हली आणि थांबली. भालचंद्ररावांनी काटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. चेंडू वर चढावर दिसत होता. मग त्यांनी एक पाय खाली टाकला.

काकासाहेबांनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. “बसा गुमान. गुडघा गेला तर म्या कोणासंगं खेळू?”

बांधापलीकडे त्यांची बैलजोडी चरत होती. ती आणून त्यांनी जू लावलं आणि गाडीच्या पुढच्या दांडीला सोलाचा जाड दोर बांधला. बाया पदर खोचून धावत आल्या आणि मागून रेटा द्यायला उभ्या राहिल्या. धावण्यात सर्वांत पुढं केशरबाई.

“काका, हे नियमात बसतं का?” निवेदितानं विचारलं.

“न बसायला काय झालं? तुह्या बापानं पायी चालायचं न्हाई, असंच ठरल्तं ना? मंग. बैल चालून राह्यले.”

निवेदितानं गाडीकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. “बॅटरी मीच संपवली, बाबा,” ती म्हणाली आणि केशरबाईंच्या शेजारी जाऊन रेटा देऊ लागली.

माळा लटकवलेली गाडी बैलांमागं चढ चढली. सुकाणू भालचंद्ररावांच्या हातात, कासरा काकासाहेबांच्या. डब्याजवळ पोचता पोचता डावीकडच्या बैलानं शेपूट वर केली आणि काकासाहेबांच्या चेंडूवर नेमका पो टाकला. चेंडू आहे तिथूनच मारायचा, हा नियम काकासाहेबांचाच. त्यांनी दांडका हाणला. चेंडू जागचा हलला नाही, शेण मात्र धोतरापासून टोपीपर्यंत उडालं. बाया हसून हसून खाली बसल्या.

नवव्या डब्यात भालचंद्ररावांचा चेंडू एक फटका आधी पडला. काकासाहेबांनी हातपाय धुऊन त्यांना फेटा बांधला आणि बांधताना पुटपुटले की बैलालाही पुढच्या साली खेळाडू म्हणून धरावं लागेल.

संध्याकाळी निवेदितानं आपल्या गाडीतून बॅग काढली आणि घरात नेऊन कपडे पुन्हा कपाटात लावले. जाताना केशरबाईंच्या घरी बाबांच्या घराची एक किल्ली देऊन गेली.

पुढच्या साली भालचंद्रराव पायी खेळले आणि काकासाहेबांनी फेटा परत मिळवला. त्यानंतरच्या फाल्गुनात, होळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या झोपेत काकासाहेब वारले.