काचेवरचा अंगठा

नवऱ्याने पैसे पाठवले की घरात सगळ्यांना धाकट्या सुनेचा अंगठा आठवायचा. तो परमुलखात उंच इमारतींना रंग द्यायचा आणि कमाई तिच्या खात्यात टाकायचा. गावातल्या दुकानात मशीनच्या काचेवर तिने अंगठा टेकला की पैसे निघायचे. थोरले दीर तिला घेऊन जायचे आणि नोटा आपल्या खिशात घालायचे. त्यातून पुढची खोली झाली, त्यांची मोटारसायकल झाली.

त्या सकाळी ती म्हणाली, "भाऊजी, या वेळचे पैसे माझ्या भिंगरीच्या डोळ्यासाठी आलेत. ऑपरेशन आणखी लांबलं तर डोळा जाईल म्हणाले डॉक्टर. ह्यांनीच सांगितलंय फोनवर."

"फोनवर तो राजाच असतो," दीर म्हणाले. "मी ट्रॅक्टरवाल्याला शब्द दिलाय. ऊठ."

"आज मी येत नाही."

हे तिने इतक्या हळू सांगितलं की सासूने "काय म्हणाली?" म्हणून विचारलं. दिरांनी हात उचलला. पहिल्या थपडेत तिचा ओठ फाटला, दुसरीत ती चुलीपाशी पडली. मग त्यांनी तिला केसांना धरून ओढत नेलं. तिने दाराची चौकट धरली. कमरेत लाथा बसत होत्या, ती मनात देवाचं नाव घेत होती, पण बोटं काही सुटेनात. तेव्हा दिरांनी दार धरलं आणि अंगातल्या सगळ्या जोराने आपटलं.

दार पुरतं लागलं नाही.

सासू धावत आली. "अरे मेल्या, कुठला अंगठा?"

"उजवा," कोपऱ्यातून भिंगरी म्हणाली.

मग दिरांनीच पाणी आणलं, फडकं गुंडाळलं आणि तिला गाडीवर बसवून दुकानात नेलं.

मशीनवाल्याने फडकं सोडलं आणि मान फिरवली. नख जागेवर नव्हतं. दिरांनी तिचं मनगट धरून अंगठा काचेवर दाबला. ती किंचाळली. मशीनने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा दाबला. रक्त टेबलावर ओघळलं.

"दादा, याला रेषा लागतात, रक्त नाही."

"मग कधी चालेल?"

मशीनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मागे एकदा तव्याने तिचा अंगठा भाजला होता. तेव्हा दीर बाहेर गाडीवर बसले होते, आणि यानेच तिचं डाव्या हाताचं बोट टेकवून पैसे काढले होते. खात्याला दहाही बोटं चालतात, हे घरात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने नको म्हणून मान अगदी किंचित हलवली.

"जखम भरू दे, मग बघू," तो म्हणाला.

दिरांनी त्याच्या कानफटात लगावली. घरी येऊन पट्टा काढला.

"हाताला लावू नकोस रे," सासू सांगत होती. "पाठीवर मार."

दुसऱ्या दिवशी दीर ट्रॅक्टरवाल्याची समजूत घालायला गेले, तशी ती भिंगरीला घेऊन निघाली. वाकता येत नव्हतं, म्हणून चपला भिंगरीने पायात सरकवल्या. मशीनवाल्याचा गाल सुजला होता. त्याने काच पुसून ठेवली होती. तिने डाव्या हाताचं बोट टेकलं. नोटा भिंगरीने फ्रॉकच्या खिशात कोंबल्या.

बसमध्ये कंडक्टरने तिचा हात पाहिला. "काय झालं, ताई?"

"दारात सापडला."

"मग दवाखान्यातच चाललात ना?"

"हो," ती म्हणाली. "हिचा डोळा दाखवायला."