चादरीआड

टाचणी पुन्हा वाकली. फाटकापाशी पाहुण्या मुलांना पुठ्ठ्याचा एकेक पिवळा बिल्ला मिळाला होता, बाकीच्यांनी तो कधीच छातीवर लावून टाकला होता, आणि हिची टाचणी मात्र कापडात शिरायलाच तयार नव्हती — शिरणार तरी कशी, आईने शर्टाला खळ एवढी घातली होती की तो हँगरशिवायसुद्धा उभा राहिला असता. सकाळी दुकान उघडायच्या आधी, गिऱ्हाइकांचा ढीग बाजूला सारून, आईने त्या एका शर्टावर उलटसुलट इस्त्री फिरवली होती. विद्यापीठ बघायला चाललीस, चुरगळलेली गेलीस तर नाव तुझं नाही जायचं, दुकानाचं जाईल, असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर हसली होती. आणि आता या ऐसपैस आवारात, ढगळ, चुरगळलेल्या कपड्यांत मजेत फिरणाऱ्या मुलामुलींमध्ये, तिला तो शर्ट मानेपाशी टोचत होता. आपल्या अंगाला वाफेचा वास तर येत नसेल ना... तिने हळूच बाही नाकाशी नेली. येत होता.

यायचाच. जन्मच त्या वासात गेला. आईची लाँड्री म्हणजे पुढे दुकान, मागे धुण्याची खोली आणि वर माळ्यावर झोपायची जागा. शर्ट-पँटी असायच्याच, पण खरं काम चादरींचं. आसपासच्या लॉजांच्या पलंगावरच्या त्या अवाढव्य पांढऱ्या चादरी, एकट्यादुकट्याला न आवरणाऱ्या. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटका द्यायचा आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. लहानपणापासून हेच. आणि गंमत अशी की त्या घरातलं महत्त्वाचं बोलणं सगळं तेव्हाच व्हायचं — हात वर, मध्ये चादर, पलीकडच्याचं तोंड दिसत नाही, तेवढ्या वेळात. बाबा आता परत यायचे नाहीत, हे आईने तिला चादरीआडूनच सांगितलं होतं. तिनेही तसंच सांगितलं, मला पुढं शिकायचंय, तिकडे, वसतिगृहात राहून. पलीकडून चादरीला एक झटका बसला. मग टोकाला टोक लागलं, आईचं तोंड समोर आलं, आणि ते साधंच होतं, रोजचं. ‘बघून तर ये,’ आई म्हणाली. आणि चादरी? असं विचारलं तर म्हणे, भिंतीत खिळा ठोकीन आणि एक टोक त्याला अडकवीन, खिळा तुझ्यासारखा उलट बोलत तरी नाही.

तेव्हा ती हसली होती. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती का ती? आईचा उजवा खांदा हल्ली वर जात नाही, हे काय मला दिसत नव्हतं?... पण यायचं होतं. इथे यायचं म्हणजे यायचंच होतं, त्याला इलाज नव्हता.

पाहुण्या मुलांना सगळीकडे फिरवायला दुसऱ्या वर्षाची एक चष्मेवाली मुलगी होती — बडबडी, प्रेमळ, चालता चालता वळून बघणारी, कुणी मागे तर राहिलं नाही ना म्हणून. तिने आधी ग्रंथालय दाखवलं. इतकी शांतता, आणि तीही कुणी गप्प बसा न म्हणता! मग रसायनशास्त्राच्या वर्गात नेलं, तिथे सरांनी पाहुण्यांसाठी एक छोटा तास घेतला. हाच विषय तिला घ्यायचा होता. सरांनी विचारलं, काही पाण्यात साबणाचा फेस का होत नाही? तिला ठाऊक होतं. दुकानामागच्या विहिरीचं पाणी तसंच, त्यात सोडा किती घालायचा हे तिच्या हातांना पाठ होतं. हात वर जायलाही लागला — आणि सर म्हणतील, वा, तुला गं कसं माहीत? — तिने तो हात केसांवरून फिरवला आणि खाली घेतला. उत्तर सरांनीच सांगितलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

ते काही फार मोठं नव्हतं. पण माणूस उतरणीला लागला की पुढचं पाऊल आपोआप पडतं. कॅन्टीनमध्ये कॉफी घेताना पोरींच्या गप्पा घराघरांवर घसरल्या. एकीची आई डॉक्टर, एकीची न्यायाधीश, तिसरीची आई काही करत नव्हती पण ते न करणंसुद्धा असं ऐटबाज की विचारू नका. कुणी मिरवत नव्हतं, खरं तर. साध्याच गप्पा चालल्या होत्या. तिच्यापर्यंत पाळी येते असं दिसताच ती पाणी आणायला उठली आणि ज्यांना तहान नव्हती त्यांच्यासाठीसुद्धा पेले भरत उभी राहिली.

जेवणानंतर बाकीच्या पोरी मैदान बघायला गेल्या. तिने वसतिगृहाबद्दल विचारलं होतं, म्हणून चष्मेवालीने तिला एकटीलाच आपल्या खोलीत नेलं. छोटी खोली. खिडकीत झाडाच्या फांद्या, दोन टेबलं, दोन पलंग, त्यातला एक नुसत्या गादीचा, रिकामा. माझी जोडीदारीण यंदा जातेय, चष्मेवाली म्हणाली आणि दोरीवरची वाळलेली चादर ओढून तिचा बोळा करून कपाटात कोंबायला लागली. ते मात्र हिला बघवेना. अहो थांबा, असं नाही, द्या ते टोक इकडे... आणि दोघी खोलीच्या दोन बाजूंना झाल्या, हात वर गेले, चादर मध्ये आली.

चष्मेवाली पलीकडून हसत होती. ‘अगं, किती छान! हे कुणी शिकवलं तुला?’

‘आईने.’

‘काय करते तुझी आई?’

लाँड्री. केवढासा शब्द! मघाच्या त्या पोरींसमोर नाही आला, ठीक. पण इथे चष्मेवाली एकटीच होती, आणि तीही इतकी साधी की म्हणाली असती, अय्या, मग माझे कपडे तूच बघ. हसली असती, संपलं असतं. पण चादर समोर होती. चादरीआड आजवर जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं, जड होतं, तोंड न दाखवता सांगायचं होतं. तिथे हलकंसलकं काही बोलायची जिभेला सवयच नव्हती. काहीतरी तसंच जड, पुढचा प्रश्न येऊच देणार नाही असं —

‘आई वारली माझी.’

हे मी म्हटलं? ... माझ्याच आवाजात होतं. थंड, नीट घडी घातलेलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी हसून म्हणावं, छे, गंमत केली. पण असली गंमत करतं का कुणी? आणि पाय तर नेहमीच्या सवयीने पुढे चालू लागले होते, टोकाला टोक लागलं होतं, आणि समोर चष्म्यामागे डोळे भरून आले होते.

मग जे झालं ते सगळं चांगलंच झालं, हेच वाईट. चष्मेवालीने काही विचारलं नाही. घडी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि तिला त्या रिकाम्या पलंगावर बसवलं. वसतिगृहाच्या बाईंशी मी स्वतः बोलते, म्हणाली, हा पलंग तुझाच. ‘आणि हे बघ, पहिल्या दिवशी सगळ्यांना सोडायला घरचे येतात. तू एकटी आहेस असं वाटून घ्यायचं नाही. मी फाटकापाशी उभी असेन.’ मग ती तिला सगळ्या मैत्रिणींना भेटवायला घेऊन गेली. पुढे होऊन तिने त्यांच्या कानात काही सांगितलं असावं, कारण त्या एकदम मऊ झाल्या, बाकावर सरकून मध्ये जागा केली, आणि कुणीही तिच्याजवळ घराचा विषय काढला नाही. उन्हं कलेपर्यंत ती त्यांच्यात बसली. त्यांच्या नकलांवर हसली, एका सरांची नक्कल तर स्वतःही करून दाखवली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर मात्र तिने घाईघाईने आईला फोन लावला, आणि आईचा आवाज ऐकला. ‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘निघाले.’ जिवंत आहे ना, हे बघायला फोन केला असं थोडंच सांगता येतं!

घरी पोचली तेव्हा आई काउंटरमागे इस्त्री करत होती आणि शेजारचे घड्याळवाले काका आपला शर्ट न्यायला आले होते, म्हणजे निमित्त शर्टाचं, बसायचं गप्पांना. आईने तिला दारातच पकडलं. काय बघितलं, कोण भेटलं, खायला बरं मिळतं का, खोलीला खिडकी आहे का. ती सांगत गेली. सर, ग्रंथालय, खिडकीतल्या फांद्या — सगळं खरं, अगदी खरं. एक ताई भेटली, फार चांगली, तिच्याच खोलीत जागा आहे. आईचा चेहरा उजळत गेला. बघा, काकांना म्हणाली, आमची चिंगी दिसायला भोळी, पण माणसं कशी जोडते.

चिंगीने खाली बघून बिल्ल्याचा पुठ्ठा मुडपला.

‘पहिल्या दिवशी मी येणार हं सोडायला,’ आई म्हणाली. ‘दुकान बंद ठेवीन. त्या ताईलाही भेटेन. तिला सांगेन, ही झोपेत बडबडते, घाबरू नकोस.’

तापाने फणफणली तरी ज्या बाईने दुकानाचं शटर ओढलं नाही, ती हे म्हणत होती. आत्ता बोलायचं. आत्ता नाही तर कधीच नाही. मध्ये चादर नव्हती. काउंटर, त्यावर कुणाचा तरी शर्ट, आणि आईचं उघडं, घामेजलेलं, खुशीत आलेलं तोंड. तिने तोंड उघडलं.

‘पहिल्या दिवशी कुणाच्याच आया येत नाहीत, आई.’

‘अस्सं?’

‘हो. मुलींनी एकट्यानंच यायचं असतं.’

आई थांबली. इस्त्री तिने उभी करून ठेवली, खांदा चोळला. मग म्हणाली, बरंच झालं बाई, मला तरी तिथं काय बोलता आलं असतं, आणि अंगावर घालायला तरी धड काय आहे. आणि काकांकडे वळून, मोठ्या घरची रीत सांगावी तशा अभिमानाने: ‘ऐकलंत का, आया जात नाहीत म्हणे तिथं. सगळ्या पोरी एकट्या.’ काकांनी मान डोलावली. बरोबर आहे, मोठी जागा आहे, शिस्त असणारच.

ती वाट बघत राहिली, की आता रडू फुटेल. तसलं काही आलं नाही. आत सगळं मोकळं होतं — सुटल्यासारखं — आणि त्या मोकळेपणाचीच तिला भीती वाटली. मन पुढे धावलंच होतं: फाटक, हातात बॅग, ती चष्मेवाली, चल गं. तिने त्या चित्रात आईला आणून बघितलं. फाटकापाशी उभं केलं, मग थोडं लांब, झाडाखाली, मग रस्त्याच्या पलीकडे, कुणाला कळणार नाही असं. आई कुठेच उभी राहीना. इथे तर ती दोन हातांवर होती, पुढच्या शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत, काकांच्या कसल्याशा बोलण्यावर हसत; आणि मला तिची आठवण यायला लागली होती.