मेरिमसाठी मेजवानी

मेरिमला बिश्केकच्या इस्पितळातून यंदा चौथ्यांदा सोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला, झारकिनला, पुन्हा बजावलं, मीठ नको आणि गर्दी नको. पोरीची मूत्रपिंडं अशी, की साध्या सर्दीनंही ती परत खाटेला खिळायची. सहा वर्षांच्या मेरिमलाही हे पाठ होतं. कुणी शिंकलं की ती आपणहून मास्क वर ओढायची.

मायलेकी नारिनजवळच्या गावात पोचल्या, तर अंगणात मेंढा बांधलेला. पोर बरी झाली म्हणून सासूनं, साल्कीननं, अख्ख्या आळीला जेवायला बोलावलं होतं. झारकिननं आधी नवऱ्याला गाठलं. कुबात म्हणाला, आईनं घरोघर सांगून झालंय, आता माघार घेतली तर तिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मग ती सासूपुढे उभी राहिली.

"अपा, महिनाभर थांबू या ना. डॉक्टर म्हणाल्या..."

"वर्षभर तू तिकडे बसलीस, इथली गुरं आणि चूल कोणी बघितली?" साल्कीन कणीक मळता मळता म्हणाली. "चार लोकांनी दुआ दिली तर तुझ्या पोरीचं काय झिजणार आहे?"

दुसऱ्या दिवशी माणसं लोटली. मेरिम या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली. औषधांनी सुजलेले तिचे गाल बायका कुरवाळत होत्या, काय बाळसं धरलंय म्हणत होत्या. आजीनं तिचा मास्क काढून खिशात घातला. खोकणाऱ्या शेजारणीनं तिला मटणाचा रस्सा भरवला. मला मीठ चालत नाही, असं मेरिम म्हणाली, तर सगळ्या कौतुकानं हसल्या. झारकिन चहा ओतत होती. घरच्या सुनेला चहाची किटली सोडून उठता येत नाही.

आठवडा सरायच्या आत पोर तापानं फणफणली. सुजेनं डोळे मिटले. घाट उतरून इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई झारकिनवरच डाफरल्या, की आईला एवढंही कळू नये? बाहेर गाडीत बसलेल्या कुबातला कुणी काही विचारलं नाही.

ताप उतरल्यावर साल्कीन आली, टोपलीभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून. नातीचा हात हातात घेऊन रडली. मग डोळे पुसून सुनेला म्हणाली, "बरं झालं दुआ मागून घेतल्या. नाहीतर वाचली नसती."

"अपा, तुमच्या दुआंना खोकला झाला होता," झारकिन म्हणाली.

साल्कीन उठली आणि टोपली घेऊन निघून गेली. सून उलट बोलली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मेरिम वाचली, पण जुन्या गोळ्या तिला लागू पडेनाशा झाल्या. नवं औषध जहाल. त्यासाठी सारखं दाखल व्हावं लागे. झारकिन गावी परतली नाही. इस्पितळामागं खोली घेऊन ती एका बेकरीत भट्ट्या पुसू लागली. संसार तिनं मोडला, असं गाव म्हणे. कुबात अधूनमधून येई, मान खाली घालून चहा पिई आणि आईला बरं वाटत नाही म्हणून लवकर निघे.

आजीचा फोन मात्र नेमानं येई, नातीसाठी. झारकिन फोन तसाच मेरिमकडे देई. एकदा सलाईनच्या हातानंच तो कानाला धरून मेरिम आजीला विचारत होती, तसं जेवण पुन्हा कधी करायचं? त्या दिवशी सगळ्यांनी मला मांडीवर घेतलं होतं.

झारकिन तिची चादर नीट करत राहिली.